डाव्या चाकाचं सील

त्या रविवारी आईचे फक्त पाय दिसत होते. बाकीची आई गाडीखाली होती.

"टॉर्च."

मी टॉर्च जरा वर धरला.

"माझ्या डोळ्यांवर नको, नटावर धर. लक्ष कुठंय तुझं?"

"तुझ्या चपलेकडे. अंगठा तुटायला आलाय."

"तुटू दे. माझा नवरा शिंपी आहे, देईल शिवून. नटाचे आटे गेले तर कोण शिवणार?"

बाबा चहाचे कप घेऊन गॅरेजच्या दारात उभे होते. "शिंप्याकडून चपला शिवून घेणारी बायको जगात मीच एकटा नांदवतोय," ते म्हणाले.

"नांदवताय ना? मग कप खाली ठेवा आणि ती पक्कड द्या. ती नाही. लांब तोंडाची. तुमच्या बहिणीसारखी."

बाबांनी निमूटपणे लांब तोंडाची पक्कड दिली.

आई तांत्रिक शाळेत लेथवरचं काम शिकवायची. तिच्या हाताखालून गेलेली मुलं गावभर गॅरेजं आणि कारखाने चालवत होती, आणि रस्त्यात ती दिसली की अजूनही आपोआप ताठ उभी राहत होती. ही गाडी तिला त्याच शाळेच्या आवारात मिळाली. कुणा श्रीमंताने मुलांना खोलायला-जोडायला म्हणून दिलेली, दोन माणसांची, बुटकी, हिरवी स्पोर्ट्‌स कार. मुलांनी ती मनसोक्त खोलली, जोडली मात्र कुणीच नाही. शेवटी ती भंगारात निघाली तेव्हा आईने ती खोक्यांमधून घरी आणली आणि काही वर्षांत पुन्हा उभी केली. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते. नंतर रविवारी आम्ही तिच्यातून निघायचो. आई चालवायची, शेजारी बाबा एका हाताने टोपी धरून, आणि सीटांमागच्या फळीवर गुडघे हनुवटीला लावून मी.

गाडी फार चांगली होती, पण गळायची. मागच्या दोन चाकांमधला जो जाड लोखंडी दांडा असतो, अ‍ॅक्सल, त्याच्या पोटात तेल असतं. ते बाहेर येऊ नये म्हणून दोन्ही टोकांना चाकाच्या आत एकेक रबरी कडं असतं. तेच सील. ते हरलं की तेल हळूहळू ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, ब्रेकचे शूज भिजतात, आणि जिथं गाडी थांबायला हवी तिथं ती विचार करत बसते. आईने ती सीलं किती वेळा बदलली असतील त्याचा हिशेब नाही. दरवेळी निदान एकच: "हल्ली सीलं चांगली येत नाहीत." हे हल्ली माझ्या लहानपणापासून चालू होतं.

त्या दिवशी तिने उजवी बाजू पुरी केली. डावं चाक काढून ठेवलं, ड्रम उतरवला आणि मग उठून, नेहमीसारखं, चिंधीने एकेक बोट वेगळं पुसलं.

"डावं उद्या," ती म्हणाली.

जेवताना तिने माझ्या चष्म्याच्या फ्रेमला नावं ठेवली, पत्त्यांत बाबांना दोनदा हरवलं, आणि मी निघाले तेव्हा दारात न येता आतूनच ओरडली, "फाटकाची कडी नीट लाव!" मी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरात पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि बोलण्याआधी त्यांनी बाबांना खुर्ची दिली. त्या खुर्चीवरूनच मला कळलं.

*

माणसं येऊन गेली. घर पुन्हा रिकामं झालं. मी माझं काम घेऊन बाबांकडे राहायला आले. मी मुद्रितशोधक आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढते. ते काम कुठल्याही टेबलावर होतं.

गाडी तशीच होती. मागून लाकडी ठोकळ्यांवर उचललेली, डावं चाक भिंतीला टेकवलेलं, ड्रम पालथा, आणि शेजारी फडक्यावर आईची हत्यारं, लहानापासून मोठ्यापर्यंत, वर्गातल्या मुलांसारखी रांगेत. बाबा रोज सकाळी गॅरेजचं शटर वर करत, आत न जाता थोडा वेळ उभे राहत आणि शटर खाली घेत. मी विचारलं नाही. आमच्या घरात बोलण्याचं खातं आईकडे होतं. आम्ही दोघं ऐकणारे.

मग एकदा नाश्त्याला ते म्हणाले, "मला एकदा तिच्यातून जायचंय."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? नेहमीच्याच रस्त्याने. वळणापर्यंत."

मी हेडलाइटला फोन केला. हेडलाइट आईचा जुना विद्यार्थी. जाड भिंगांच्या चष्म्यामुळे ते नाव त्याला वर्गातल्या पोरांनी दिलं आणि पुढे त्याने स्वतःच्याच गॅरेजच्या पाटीवर चढवलं. तो आला, वाकून बघितलं, उकिडवा बसला आणि एकदा डोळे पुसले.

"ताई, मी गाडी घेऊन जातो. दोन दिवसांत आणून देतो."

"गाडी इथून हलणार नाही," बाबा म्हणाले.

"बरं काका. मग इथंच बसून करतो. काम काही मोठं नाही."

"तिने अर्धं केलंय. उरलेलं घरातलं माणूस करेल."

घरात माणसं दोनच होती. त्यातल्या एकाने जन्मात शिलाई मशीन सोडून कशाला तेल घातलं नव्हतं. मी माझ्या हातांकडे पाहिलं. हेडलाइटनेही पाहिलं आणि सभ्य माणसासारखी नजर फिरवली.

त्या हातांचा निकाल फार पूर्वी लागला होता. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आईने मला एक नट बसवायला दिला होता. मी तो तिरका धरला आणि जोर लावून पिळला. आटे कापले गेले तो आवाज मला अजून ओळखू येईल. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि एखाद्याची उंची सांगावी तसं सांगितलं, "असू दे. तुझे हात पुस्तकांचे आहेत." त्यानंतर मला टॉर्च मिळाला. आई सहसा चुकत नसे. म्हणून मी पुस्तकांकडे गेले, आणि तिथं मला सुख मिळालं नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण गाडीखालून ती "टॉर्च" म्हणून हाक मारायची तेव्हा दरवेळी मला वाटायचं, आता ती पुढं म्हणेल, "ये, बघ तरी कसं असतं." तसं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. तिचा निकाल फिरवून मागायचा असतो हेच आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

"करते," मी बाबांना म्हटलं.

*

हेडलाइटने सांगायचं आणि मी करायचं असं ठरलं. अट बाबांची होती: त्याने हात लावायचा नाही. तो बिचारा हात पाठीमागे बांधून, लग्नात फोटोला उभं राहावं तसा उभा राहिला.

हबवरचा, म्हणजे चाक बसतं त्या गड्ड्यावरचा, मोठा नट हलेना. त्याने पान्याला एक लांब पाइप जोडायला सांगितला. तरी हलेना.

"ताई, पाइपवर उभ्या राहा."

"उभी?"

"बाई उभ्या राहायच्या. वजन टाका. आहे का थोडं?"

"बाप शिंपी आहे तिचा," मागून बाबा म्हणाले, "वजन विचारायचं नाही, माप विचार."

मी भिंतीला धरून पाइपवर उभी राहिले आणि थोडी उडी मारली. नट करकरून ओरडला आणि सुटला, मी खाली आले. बाबा हसले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच हसत होते, आणि हसल्याबरोबर त्यांनी दाराकडे पाहिलं.

हब पुलरने ओढून काढला. मागे जुनं सील होतं, काळं, कडक झालेलं. ते उचकटलं. बसायची जागा पुसली. नवीन सीलची कड ओठासारखी पातळ असते आणि तिचं तोंड तेलाच्या बाजूला हवं. तिला एक ओरखडा गेला तरी सगळं काम वाया. आणि ती सरकवायची होती दांड्याच्या टोकावरच्या, नट बसतो त्या धारदार आट्यांवरून.

"इथं बाई काय करायच्या माहीत नाही," हेडलाइट म्हणाला. "आम्ही काहीतरी गुंडाळतो."

बाबा आत गेले आणि कोटाच्या अस्तराचा सुळसुळीत तुकडा घेऊन आले. "हेच न्यायची. मला वाटायचं हात पुसायला नेते." त्यांनी स्वतः तो तुकडा आट्यांभोवती एकही सुरकुती न पडू देता गुंडाळला. त्यावरून मी सील सरकवलं, वरून लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हाताने चारी बाजूंनी ठोकत नेलं. ते जागेवर बसलं तेव्हा हातोडीचा आवाज बदलला. हेडलाइटने मान हलवली. मला कुणी परीक्षेत पास केल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

नवे ब्रेक शूज, ड्रम, चाक, तेल. गाडी जमिनीवर आली. बाबा टोपी घेऊन तयार होते, पण हेडलाइट म्हणाला, "आधी ताई एकदा फिरवून आणतील. ब्रेकचा मामला आहे, काका." मी त्याला शेजारी बसवून गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला नेली, परत आणली, गॅरेजात लावली.

सकाळी डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचा ओघळ आला होता. खाली फरशीवर छोटं थारोळं.

बाबा माझ्या आधी उठले होते. त्यांनी त्यावर आधीच चिंधी टाकून ठेवली होती, मला दिसू नये म्हणून असेल.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझा दोष नाही. तिच्या हाताची गोष्टच वेगळी होती."

ते मला धीर देत होते. मी बरं म्हटलं, हेडलाइटला फोन केला आणि सांगितलं, "तू येऊन कर. माझ्याकडून झालं नाही." मग चहा घेतला. मग करण्यासारखं काही नव्हतं म्हणून फरशी पुसायला बसले. डावीकडचं पुसून झालं, उजवीकडे सरकले, आणि तिथंही तेल होतं.

उजवी बाजू आईने केली होती. तिच्या शेवटच्या दिवशी, तिच्या स्वतःच्या हातांनी.

मी ओल्या चिंधीसकट तिथंच बसले. माझ्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. एका पानावर चूक असेल तर अक्षरं जुळवणाऱ्याचा हात चुकला असं म्हणता येतं. पण तीच चूक तशीच्या तशी प्रत्येक पानावर आली, पानं जुळवणारी माणसं बदलली तरी आली, तर हाताला बोल लावण्यात अर्थ नसतो. चूक मूळ प्रतीत असते. आईचं सील गळलं, माझं गळलं, त्याआधीची सगळी गळली. म्हणजे सीलपर्यंत येणारं काहीतरी बिघडलं होतं. तेल नुसतं पाझरत नव्हतं. त्याला कुणीतरी ढकलत होतं.

*

हेडलाइट आला तेव्हा मी त्याला आधी गाडीतून एक चक्कर मारायला लावली. परतल्यावर, गाडी गरम असतानाच, खाली सरकून मी अ‍ॅक्सलचं तेल भरायचं बूच सैल केलं.

फुस्स झालं. प्रेशर कुकरची शिट्टी उचलल्यासारखं. तोंडावर गरम, कुजकट वासाची हवा आली.

"ही हवा आत कशी कोंडली?" मी खालून विचारलं.

हेडलाइटचे बूट मला दिसत होते. त्यांनी एकदा जागा बदलली.

"हेडलाइट."

"अ‍ॅक्सल तापला की आतली हवा फुगते, ताई. तिला बाहेर पडायला वरच्या बाजूला एक छिद्र असतं. ब्रीदर म्हणतात. ते बुजलं तर हवा जाणार कुठं? ढकलते तेलाला."

"तुला माहीत होतं?"

"शंका होती." तो उकिडवा बसला आणि वाकून माझ्याकडे पाहू लागला. "फार पूर्वी एकदा बाईंना म्हटलं होतं, ब्रीदर बघितलात का. त्या म्हणाल्या, माझ्या गाडीचा अ‍ॅक्सल इतका साफ आहे की तू त्यावर ताट वाढून घे. मग महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पुन्हा कोण म्हणणार?"

अ‍ॅक्सल खरंच साफ होता. नुसता साफ नाही, चकचकीत. आई दर उन्हाळ्यात त्याला काळा रंग द्यायची. गाडीखाली असलेली, कुणाला कधी न दिसणारी वस्तू, पण घासून, पुसून, ब्रशने रंगवलेली. वरची बाजू खालून दिसत नाही. तिथं तिचा ब्रश अंदाजाने फिरायचा. मी हात वर नेला आणि बोटांनी चाचपलं. गुळगुळीत दांड्यावर एके ठिकाणी हरभऱ्याएवढा गुळगुळीत उंचवटा होता. छिद्र कुठंच नव्हतं.

मी बाहेर आले आणि बाबांकडे जाड सुई मागितली.

"काय शिवतेस?"

"शिवत नाही, उसवतेय."

उंचवट्यावरचा रंग सुईने खरवडत गेले. बराच वेळ लागला. शेवटी त्याची टोपी एका तुकड्यात निघाली आणि माझ्या तळहातावर पडली. तिच्या कडेला थर दिसत होते, एकावर एक, पुठ्ठ्यासारखे. एकेका थराला एकेक उन्हाळा. मी आजवर हजारो चुका शोधल्या असतील. बहुतेक कंटाळ्याच्या असतात, घाईच्या असतात, कुणाचा तरी डोळा लागलेला असतो. ही तशी नव्हती. ही नुसत्या काळजीने झाली होती. तिने गाडीला इतकं जपलं की तिचा श्वास कोंडला, आणि मग त्या गळतीसाठी वर्षानुवर्षं सीलांना शिव्या घातल्या.

मला हसू आलं. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू नव्हतं. हेडलाइट उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने आत येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, काकांना सांगू नका. सीलं डुप्लिकेट निघाली म्हणा. त्यांच्यासाठी बाई म्हणजे... तुम्हाला माहीत आहेच. आता कशाला?"

आम्ही दोन्ही बाजूंची सीलं पुन्हा बदलली. या वेळी त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाबांनी दोन्हीकडे अस्तर गुंडाळून दिलं. मी गाडी लांबवर फिरवून आणली. फरशीवर पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी तो कोरडा होता.

*

बाबा टोपी घालून डाव्या सीटवर बसले. दार दोनदा उघडून दोनदा लावलं. मी गाडी बाहेर काढली. आई चालवायची तेव्हा गिअर बदलताना ते नकळत पाय दाबत असत, शेजारी बसून. आताही दाबत होते. रस्त्याला फारशी रहदारी नव्हती. वारा वाढला तसा त्यांनी टोपीवर हात ठेवला.

वळणाच्या आधी उतार आहे. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ, न डगमगता, थांबली.

"छान धरला," बाबा म्हणाले. मग समोरच बघत, "काय होतं शेवटी? सीलच खराब होतं ना? ती म्हणायचीच, हल्ली चांगली येत नाहीत."

त्यांच्या आवाजात विनवणी होती. मी फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर आम्ही दोघं घरी गेलो असतो आणि आई जशी होती तशी, कधी न चुकणारी, भिंतीवर फोटो लावावा तशी राहिली असती. ती फोटोतली बाई मला नको होती. जी गाडीखाली पालथ्या हाताने, न दिसणाऱ्या जागी, हौसेने रंग फासत होती, ती माझी आई होती.

"सील चांगलं होतं, बाबा," मी म्हटलं. "आईचं चुकलं."

त्यांनी मान वळवली. मी त्यांना छिद्राचं सांगितलं, रंगाचं सांगितलं, थर कसे निघाले ते सांगितलं. ते ऐकत राहिले. "तरीच," ते म्हणाले, "दर उन्हाळ्यानंतर जास्त गळायची." आणि त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते की रडत होते ते मी पाहिलं नाही, कारण मला अजून बोलायचं होतं, आणि ते त्यांच्याशी नव्हतं. इंजिन चालू होतं. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, नखांत काळं असलेले, आणि समोरच्या काचेकडे बघून मोठ्याने म्हटलं,

"आई, तुझं चुकलं. आणि माझ्या हातांबद्दलही तुझं चुकलं. एक नट गेला होता गं, एकच. मला शिकायचं होतं. तुझ्याकडून शिकायचं होतं मला."